अंडे गावठी की पोल्ट्रीचे?

संध्याकाळच्या वेळी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली यांपैकी कोणत्याही स्टेशनातून बाहेर पडा आणि बाजाराच्या रस्त्याला लागा. अंड्यांच्या दुकानात पांढऱ्या अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले दिसतील. त्यांच्या शेजारी एखाद्या टोपलीत, गवतावर किंवा भाताच्या तुसावर, थोडी तपकिरी आणि लहानमोठी अंडी मांडलेली असतील. वर पुठ्ठ्याची पाटी असेल : 'गावठी अंडी'. भाव विचारलात तर पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही अधिक.

तरीही ती टोपली रिकामी होते. घरात बाळंतीण असली, कोणी तापातून उठले असले किंवा कोणाची परीक्षा जवळ आली असली, की घरातले वडीलधारे माणूस सांगते, "पोल्ट्रीचे नको रे, त्यात काही कस नसतो. गावठी आण." मग डझनभर अंड्यांच्या पैशांत सहाच अंडी घरात येतात. ती ज्याला 'गरज' आहे त्याला मिळतात आणि धाकट्या भावंडांच्या ताटात त्या दिवशी अंडे नसते.

हा 'कस' म्हणजे नेमके काय आणि तो मोजायचा कशाने, हे सहसा कोणी विचारत नाही. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा आपण विचारले पाहिजे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. गावठी कोंबडी टिकली पाहिजे असे मला मनापासून वाटते. परंतु गावठी अंडे म्हणजे औषध आणि पोल्ट्रीचे अंडे म्हणजे निःसत्त्व, या समजुतीला आधार नाही. या समजुतीपायी एखाद्या मुलाच्या वाट्याचे अंडे कमी होत असेल, तर ते नुकसान मात्र अगदी खरे आहे.

दोन कोंबड्या

प्रथम या दोन कोंबड्यांची ओळख करून घेऊ. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ५० ते ८० अंडी देते. दहा-बारा अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. २१ दिवसांनी पिले बाहेर आली की पुढे कित्येक आठवडे ती त्यांना घेऊन हिंडते. तिचे अंडे ३५ ते ४५ ग्रॅम वजनाचे असते. दिवसभर उकिरडा उकरून, किडे, दाणे आणि कोवळे गवत टिपून ती आपले पोट भरते.

पोल्ट्रीतील पांढरी अंडी देणारी कोंबडी बहुधा पांढऱ्या लेगहॉर्न जातीपासून तयार केलेली असते. ही जात मूळची इटलीची. लिव्होर्नो बंदरातून ती बाहेरच्या जगात गेली. इंग्रज लोक त्या बंदराला 'लेगहॉर्न' म्हणत, तेच नाव कोंबडीला चिकटले. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिची खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे. वयाच्या साडेचार-पाच महिन्यांपासून ती अंडी देऊ लागते आणि वर्षाला तीनशेच्या वर देते. प्रत्येक अंडे सुमारे ५५ ते ६० ग्रॅमचे.

सुधारित कोंबड्यांचा प्रसार आपल्या उपनगरांपासून दूर कोठे तरी झाला असे नाही. केंद्र सरकारने कोंबड्यांच्या पैदाशीसाठी जी विभागीय केंद्रे उभारली, त्यांतील पश्चिम विभागाचे केंद्र गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतच उभे राहिले. पुढे १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि तिच्या जाहिरातींनी अंडे घराघरांत पोहोचले. अर्थात जाहिरात करणाराला आपला माल खपवायचा असतो. म्हणून गावठीवाल्याचे म्हणणे जसे तपासायचे, तसेच जाहिरातीतले म्हणणेही तपासायचे.

तीनशे अंड्यांत कस उरतो का?

येथे एक शंका हमखास घेतली जाते. एका कोंबडीने साठ अंडी दिली आणि दुसरीने तीनशे, तर दुसरीच्या अंड्यांत कस कमी असणारच! दूध वाढवायला पाणी घालावे तसेच हे, असे वाटते.

पण अंडे म्हणजे दूध नव्हे. अंडे ही पिलाची २१ दिवसांची बंद शिदोरी आहे. त्यात काय आणि किती असावे, हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. कोंबडीच्या खाद्यात प्रथिने कमी पडली, तर ती अंडी कमी घालते किंवा लहान घालते. पातळ केलेले अंडे ती घालत नाही. मोजमाप केले तर दोन्ही अंड्यांच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १२ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात.

शिवाय तीनशे अंड्यांचा माल कोंबडी हवेतून आणत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. तीनशे अंड्यांचे झाले ६०० ग्रॅम. कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून एवढ्या कॅल्शियमचा लहानसा अंशच असतो. तेव्हा ते खाद्यातूनच यावे लागते. म्हणूनच पोल्ट्रीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनच्या पेंडीबरोबर शिंपल्यांची पूड किंवा चुनखडी, तसेच क्षार व जीवनसत्त्वे मोजून मिसळतात. अधिक द्यायचे, तर अधिक खायलाही मिळाले पाहिजे, एवढाच हा हिशेब आहे.

रंगाची फसवणूक

आता टोपलीतल्या तपकिरी रंगाकडे वळू. हा रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे २५ तास तयार होत असते. त्यांपैकी २० तास कवच घडण्यात जातात आणि रंगाचा मोठा भाग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणून तपकिरी अंडे फोडून पाहिले तर कवच आतून फिकेच दिसते. कोणता रंग चढायचा हे कोंबडीच्या जातीवर ठरते. सर्वसाधारणपणे जिच्या कानाची पाळी पांढरी, तिचे अंडे पांढरे, आणि जिची पाळी लाल, तिचे तपकिरी. या नियमाला अपवाद आहेत, पण खेड्यात गेलात तर निरीक्षण करून पाहा.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड या जातीची कोंबडी तपकिरी अंडी देते आणि तिच्यापासून तयार केलेल्या संकरित कोंबड्या पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातही राहतात. म्हणजे अंडे तपकिरी असूनही सोळा आणे पोल्ट्रीचे असू शकते. इतकेच कशाला, पांढरे अंडे चहाच्या पाण्यात ठेवले तरी तपकिरी होते. रंगावरून ना कोंबडीचे गाव कळते, ना अंड्याचा कस.

बलकाच्या पिवळेपणाचेही तसेच. गावठी अंड्याचा बलक बहुधा गडद, केशरी छटेचा असतो. ते पाहून 'यात जीवनसत्त्वे जास्त' असे आपण म्हणतो. हा रंग झँथोफिल गटातील द्रव्यांचा असतो आणि ती गवत, पाला व पिवळा मका यांतून येतात. कोंबडीला पांढरा मका दिला तर बलक फिका पडतो. उलट, दसऱ्याला आपण ज्याचे तोरण बांधतो त्या झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळला, तर पिंजऱ्यातील कोंबडीच्या बलकालाही केशरी रंग येतो. ही द्रव्ये डोळ्यांना हितकारक मानली जातात हे खरे, परंतु त्यांतील ल्युटिन आणि झियाझँथिन या प्रमुख द्रव्यांचे शरीरात जीवनसत्त्व 'अ' बनत नाही. तेव्हा बलकाचा रंग कोंबडीने काय खाल्ले याची थोडीशी बातमी देतो. त्यावरून जीवनसत्त्वांचा हिशेब मांडता येत नाही.

तराजू काय सांगतो?

आता साधे गणित करू. ५५ ग्रॅमच्या अंड्यातून कवचाचा सुमारे दहावा भाग वजा केला, तर ४९ ग्रॅम गर उरतो. त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. ४० ग्रॅमच्या गावठी अंड्यात ३६ ग्रॅम गर आणि सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने. गावठी अंड्याचा भाव दुप्पट धरला, तर एका गावठी अंड्याच्या पैशांत पोल्ट्रीची दोन अंडी येतात. म्हणजे एका बाजूला साडेचार ग्रॅम प्रथिने, दुसऱ्या बाजूला बारा ग्रॅम. तापातून उठलेल्या मुलाला झीज भरून काढायला यांपैकी काय हवे, ते तुम्हीच सांगा.

गावठी अंड्याच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्यात पिवळ्या बलकाचा वाटा थोडा अधिक असतो. मोठ्या अंड्यांसाठी निवड करत गेल्यावर पांढरा भागच अधिक वाढला, बलक त्या मानाने वाढला नाही. मेद आणि मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे बलकातच असल्यामुळे गावठी अंडे खायला अधिक खमंग लागते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चवीसाठी कोणी चार पैसे जास्त दिले, तर त्यात गैर काही नाही. फक्त चवीला कस समजू नये.

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर

मोकळ्या हिंडणाऱ्या, हिरवा पाला आणि किडे खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ओमेगा-३ प्रकारची मेदाम्ले आणि जीवनसत्त्व 'ई' अधिक असू शकतात. ऊन मिळाल्यामुळे जीवनसत्त्व 'ड' ही वाढते. हे प्रयोगांनी दिसून आले आहे. मग गावठीच श्रेष्ठ नाही का?

येथेच विज्ञानाचा खरा धडा आहे. समजा, तुम्ही एका रोपाला खत घातले आणि ते उन्हात ठेवले. दुसऱ्याला खतही दिले नाही आणि ऊनही नाही. पहिले रोप वाढले. आता वाढ खतामुळे झाली की उन्हामुळे? सांगता येणार नाही, कारण तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. गावठी आणि पोल्ट्रीच्या अंड्यांची तुलना करताना आपण नेमके हेच करतो. जात वेगळी, खाद्य वेगळे, राहणी वेगळी. वर सांगितलेला फायदा मुख्यतः खाद्याचा आणि उन्हाचा आहे, गावठी रक्ताचा नव्हे. गावठी कोंबडी पिंजऱ्यात ठेवून तिला पोल्ट्रीचे खाद्य घातले, तर तिच्या अंड्यातील हा फायदा बराचसा जाईल. लेगहॉर्न कोंबडी कुरणात सोडली, तर तिच्याही अंड्यात तो येईल.

शिवाय कोंबडी मोकळी हिंडते, पण कोठे हिंडते? न्यूयॉर्क आणि सिडनी या शहरांत परसात पाळलेल्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांत दुकानातील अंड्यांपेक्षा शिसे अधिक आढळले. जुन्या रंगांचे आणि धुराचे शिसे मातीत साठले होते आणि कोंबड्या ती माती उकरत होत्या. मुंबईसारख्या महानगरात गटाराकाठी चरणाऱ्या कोंबडीचे अंडे केवळ 'मोकळे' म्हणून शुद्ध मानता येत नाही.

पोल्ट्रीच्या बाजूलाही काळजीच्या गोष्टी आहेतच. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या पानापेक्षा फारशी मोठी जागा येत नाही. पंख पसरण्याचे, माती उकरण्याचे सुख तिला नाही. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर हा दुसरा धोका. माणसांच्या गंभीर आजारांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात वापरण्यावर केंद्र सरकारला २०१९ साली बंदी घालावी लागली. पोल्ट्रीविषयी तक्रार करायची तर ती या मुद्द्यांवर करावी. 'कस नाही' ही तक्रार मात्र चुकीच्या दारात उभी आहे.

ताजेपणाचा विसर

या सगळ्या वादात जी गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे अंडे किती दिवसांचे आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर जातो, आतली हवेची पोकळी मोठी होते आणि पांढरा घट्ट भाग पातळ होऊ लागतो. १९३७ साली रेमंड हॉ या अमेरिकन संशोधकाने यावरून मोजमापाची एक रीत सुचवली. अंडे सपाट काचेवर फोडायचे, घट्ट पांढऱ्या भागाची उंची मोजायची आणि अंड्याचे वजन लक्षात घेऊन गुण द्यायचे. आजही जगभर अंड्याची प्रत ठरवताना हे 'हॉ एकक' वापरतात.

आता विचार करा. खेड्यात एका घरी दोन-चार कोंबड्या. रोज एखादे अंडे मिळणार. ती साठवायची, मग कोणी तरी घरोघर फिरून गोळा करणार, मग ती शहरात येणार. यात आठवडा सहज जातो, तोही फ्रिजशिवाय. पोल्ट्रीची अंडीही पुणे किंवा हैदराबादच्या बाजूने ट्रकमधून येतात, पण ती एकाच दिवशी हजारोंनी गोळा होतात. त्यात भर म्हणजे, गावात कोंबडा असल्यामुळे गावठी अंडी बहुधा फलित असतात. मुंबईच्या उन्हाळ्यात अशा अंड्यात गर्भाची वाढ सुरू होऊ शकते आणि अंडे लवकर बिघडते. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यामुळे तेथील अंड्यात पिलू वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक धोक्याची सूचना. गावठी म्हणून अंडे कच्चेच दुधात फेटून पिण्याची रीत काही घरांत आहे. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे निम्मीच पचतात. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के पचतात. कच्च्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते, ते वेगळेच. साल्मोनेला जंतूंची भीती दोन्ही अंड्यांना सारखीच. तेव्हा अंडे कोणतेही असो, शिजवूनच खावे.

मग गावठी कोंबडी कशाला?

एवढे वाचून कोणी म्हणेल की गावठी कोंबडीची गरजच संपली. माझे म्हणणे अगदी उलट आहे. तिची किंमत अंड्याच्या गरात शोधू नये, इतकेच.

ठाणे-पालघरच्या पाड्यांवरील बाईला ही कोंबडी जवळजवळ बिनखर्चात चार पैसे मिळवून देते. तिला विजेचे उबवणी यंत्र लागत नाही, ती स्वतःच उबवते. उन्हाची, शत्रूची, उपासाची तिला सवय आहे. उघड्या मानेच्या गावठी कोंबड्यांच्या अंगावर पिसे कमी असल्यामुळे त्या उष्मा अधिक सोसतात. जग तापत चालले असताना हा गुण उद्या कामी येईल. पोल्ट्रीतील कोंबड्या मोजक्या वंशांतून आलेल्या असल्यामुळे त्यांच्याजवळ गुणांची ही विविधता नाही.

विविधतेचे मोल कसे असते, याचे एक सुंदर उदाहरण पाहा. सर्व पाळीव कोंबड्या मुख्यतः आग्नेय आशियातील लाल रानकोंबड्यापासून आल्या. पण लेगहॉर्नचे पिवळे पाय ज्या जनुकामुळे होतात, ते जनुक लाल रानकोंबड्याचे नसून राखी रानकोंबड्याचे आहे, असे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा राहतो आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारताच्या जंगलांत! ज्या कोंबडीला आपण विलायती म्हणून नाक मुरडतो, तिच्या पायांत आपल्याच डोंगरांचा वारसा आहे. गावठी कोंबड्यांत असे आणखी किती गुण दडलेले असतील? त्या नाहीशा झाल्या तर ते कधीच कळणार नाही.

म्हणून गावठी अंडे जरूर घ्या. ते ताजे असेल, विकणारा ओळखीचा असेल, चव आवडत असेल आणि त्या पाड्यावरच्या बाईला मदत व्हावी असे वाटत असेल, तर घ्या. पण घरातल्या एका मुलाच्या तोंडचे अंडे काढून ते घेऊ नका.

मुलांच्या अंड्याचा प्रश्न आपल्या घरापुरता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि लोकसहभागातून सोय करावी असे शाळांना सांगण्यात आले. ज्या मुलाला आठवड्याला एकही अंडे मिळत नाही, त्याच्यासमोर गावठी की पोल्ट्रीचे हा वाद अगदीच फिका आहे. त्याचा प्रश्न आहे, अंडे आहे की नाही?

करून पाहा

शेवटी, माझ्या सांगण्यावर तरी विश्वास का ठेवावा? शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या प्रयोगशाळेत तपासून पाहा. दोन्ही प्रकारची प्रत्येकी दहा अंडी एकाच दिवशी आणा. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि वजन करा. पाण्यात सोडून कोणते आडवे राहते, कोणते उभे होते, कोणते तरंगते, ते टिपून ठेवा. प्रत्येक प्रकारातील पाच अंडी काचेवर फोडून घट्ट पांढऱ्या भागाची उंची मोजा, बलक वेगळा करून तोला, कवच वाळवून तोला. सरासरी काढा. शेवटी हात साबणाने धुवायला विसरू नका.

उरलेली अंडी उकडा, सोला, फोडी करा आणि मित्राचे डोळे बांधून त्याला चव ओळखायला सांगा. बलकाचा रंग दिसत नसताना किती जण बरोबर ओळखतात, ते मोजा.

आणि हे सारे घरी आजीला दाखवा. तिला खोटे पाडण्यासाठी नव्हे. तिच्या लहानपणी अंडे गावठीच असे, दारातले असे, आणि म्हणून ताजे असे. 'कस' हा शब्द तिने त्या अंड्यासाठी वापरला होता. तोच शब्द स्टेशनाबाहेरच्या टोपलीला लावण्यापूर्वी एकदा तराजू हातात घ्यावा, एवढेच आपले म्हणणे आहे.